आधी तासांची वही, मग बॅटरीची गाडी

माळव्यातल्या बदनावरला विमानतळ नाही. जवळचा म्हणजे इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, तोही शंभरेक किलोमीटरवर. मग विमानांभोवती फिरणाऱ्या गाड्या डिझेलवर चालोत की विजेवर, बदनावरकरांना त्याचं काय? बरंच काही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बदनावर तहसिलीतल्या भैंसोला गावी पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन झालं. जागा दोन हजार एकरांहून मोठी. तिथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गिरणीच्या आवारात कापसाच्या गाठी, सुताचे कोन आणि कापडाचे तागे उचलायला नि ओढायला गाड्या लागणार: फोर्कलिफ्ट, ओढट्रॅक्टर, ट्रेलर धक्क्याला लावणारा यार्ड ट्रॅक्टर. विमानतळाच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरसबंद जागेवर, काम करतात त्याही याच जातीच्या. थोडंच अंतर, कमी वेग, सतत थांबणं, पुन्हा निघणं, आणि थांबल्यावरही इंजिन चालूच. विमानतळ या गाड्या विजेवर नेताना जे शिकले ते भैंसोल्याला, पीथमपूरला आणि देवासच्या कारखान्यांना तसंच्या तसं लागू पडतं. शिवाय इंदूरच्या विमानतळावर गाड्या पुरवणारे ठेकेदार आणि तिथे शिफ्ट करणारी पोरं याच पट्ट्यातली असतात. हा लेख त्या तिघांसाठी: गिरणीवाला, ठेकेदार आणि गाडी चालवणारा.

विमान त्याच्या ठरलेल्या जागी, बेवर, येऊन उभं राहिलं की अर्ध्या-पाऊण तासात त्याच्याभोवती काय काय जमतं ते बघा. सामानाच्या डॉल्यांची माळ ओढणारा ट्रॅक्टर, पोटातून बॅगा काढणारा बेल्ट लोडर, शिडीची गाडी, खाण्यापिण्याचे डबे वर चढवणारी उंच गाडी, पिण्याच्या पाण्याची एक, संडास उपसणारी एक, प्रवाशांची बस, इंधनाची गाडी, विमानाला वीज देणारं जीपीयू, आत थंड हवा सोडणारं युनिट आणि शेवटी विमान मागे ढकलणारा पुशबॅक टग. यातल्या बहुतेक आजही आपल्याकडे डिझेलवर. गाडी दोनशे मीटर जाते, दहा मिनिटं उभी राहते, परत दोनशे मीटर जाते. उभी असताना ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. एक तर पुन्हा सुरू झालं नाही तर विमानाला उशीर होईल ही धास्ती, आणि दुसरं म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची सवय.

डिझेल इंजिनाला हे काम मुळीच मानवत नाही. ते तापून, भाराखाली, हमरस्त्यावर धावताना बरं वागतं. गार राहून रिकामं फिरलं की इंधन अर्धवट जळतं आणि काजळी वाढते. नव्या गाड्यांत धूर साफ करणारी यंत्रणा असते, पण तिला काम करायला एक्झॉस्ट दोनशे अंशांच्या वर तापलेला लागतो. रांगत चालणाऱ्या गाडीत तो तितका तापतच नाही. म्हणजे कागदावर स्वच्छ असलेलं इंजिनही ॲप्रनवर किंवा गोदामाच्या दारात मळकटच चालतं. जुन्या इंजिनांना तर गाळणीच नसते.

हा धूर आकाशात जाण्याआधी माणसाच्या नाकात जातो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आणि त्याला निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. कोपनहेगनच्या विमानतळावर हा प्रश्न पर्यावरणवाल्यांइतकाच सामान चढवणाऱ्या हमालांच्या संघटनेने लावून धरला. तिथे ॲप्रनवरच्या हवेतले अतिसूक्ष्म कण मोजले गेले, उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवण्याचा नियम कडक झाला, गाड्या बदलू लागल्या. आपल्याकडे हवेची चर्चा बहुधा शहराच्या आकड्यावर थांबते: चोवीस तासांची सरासरी पीएम २.५ साठ मायक्रोग्रॅमच्या आत आहे का, वगैरे. तो आकडा दूरच्या यंत्रावरचा. बेल्ट लोडरच्या शेजारी आठ तास उभ्या असलेल्या माणसाचा आकडा वेगळा असतो आणि तो कोणी मोजत नाही. गिरणीच्या बंद गोदामात डिझेल फोर्कलिफ्ट फिरवणं तर ॲप्रनपेक्षाही वाईट, कारण तिथे वारा नाही.

आता एक गोष्ट, जी गाड्यांच्या चर्चेत हटकून राहून जाते. उभ्या विमानाजवळ सगळ्यात जास्त इंधन जाळणारं यंत्र त्याच्या शेपटीतच असतं. एपीयू म्हणतात त्याला; मुख्य इंजिनं बंद असताना विमानाला वीज आणि थंड हवा तेच पुरवतं. ए-३२० सारख्या विमानाचं एपीयू तासाला शंभर किलोच्या वर इंधन खातं. आठ-दहा ट्रॅक्टर मिळूनही तासाला इतकं डिझेल पीत नाहीत. म्हणून मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर एअरोब्रिजखालूनच विमानाला वीज आणि थंड हवा देण्याची सोय आहे. ही वीज घरच्यासारखी ५० हर्ट्झची नसते, ४०० हर्ट्झ आणि ११५ व्होल्टची लागते. त्यासाठी कन्व्हर्टर बसवावा लागतो. एअरोब्रिज नसलेल्या बेवर बॅटरीवरचं जीपीयू हेच काम करतं. छोट्या विमानतळांवर आणखी एक गंमत. एटीआर-७२ विमानाला एपीयू नसतंच. ते उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने अडवतं आणि इंजिन तसंच चालू ठेवून वीज घेतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची एटीआर सेवा सुरू झाली. अमरावतीलाही नांदगाव पेठेत पीएम मित्र पार्क होतोय, म्हणून तिची आठवण मुद्दाम काढली. अशा ठिकाणी पहिला खर्च करायचा तर २८ व्होल्टच्या डीसी बॅटरी-युनिटवर करावा. ट्रॅक्टर त्यानंतर.

गाड्यांच्या बाबतीत मोठ्या विमानतळांनी मात्र सुरुवात बहुधा उलट्या टोकाने केली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाने २०२२ मध्ये स्वतःची सगळी वीज हरित स्रोतांतून घ्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी आपल्या ताफ्यात विजेच्या गाड्या आणल्या. चांगलंच केलं. पण विमानतळ चालवणाऱ्याच्या ताफ्यात आधी येतात त्या जीपगाड्या आणि मोटारी, कारण त्या शोरूममध्ये तयार मिळतात. काजळीचा मोठा वाटा ग्राउंड हँडलिंग कंपन्यांच्या ट्रॅक्टरांचा आणि जीपीयूंचा असतो. त्या गाड्या वेगळ्या मालकाच्या, ठेका वेगळा, डिझेलचं बिल वेगळं. दिल्लीत १५ ऑक्टोबर २०१९ रोजी एअर इंडियाने प्रवाशांसह ए-३२० टॅक्सीबॉट नावाच्या टगने धावपट्टीच्या टोकाशी नेलं, त्याचं कौतुक झालं. टॅक्सीबॉटमुळे विमानाची इंजिनं बंद राहतात, फायदा खराच आहे. पण तो टग स्वतः डिझेल-इलेक्ट्रिक आहे, निव्वळ बॅटरीचा नव्हे. जाहिरातीत ‘इलेक्ट्रिक’ दिसलं की वीज कुठून येते ते विचारावं.

तर सुरुवात कुठून करायची? वहीपासून. प्रत्येक गाडीचं अवर मीटर आणि डिझेलची भर निदान दोन आठवडे रोज लिहून काढा. तीन रकाने पुरे: इंजिन किती तास चालू होतं, त्यातले किती तास गाडी खरोखर हलली, आणि किती लिटर लागलं. गिरणीत हे कापसाच्या हंगामात करा, एप्रिल-मेच्या मंदीत केलेल्या नोंदी फसवतील. विमानतळावर सकाळ-संध्याकाळची उड्डाणांची गर्दी आणि दुपारची सैल वेळ दोन्ही त्यात यायला हव्यात. ही वही भरली की दोन गोष्टी बहुतेक दिसतात. एक, पाच गाड्यांचं काम चार गाड्यांत होतं. दोन, जी गाडी सगळ्यात जुनी म्हणून आधी बदलायची असं सगळे म्हणत होते ती मुळी फारशी चालतच नाही. विजेवर आधी न्यायची ती सगळ्यात जास्त तास चालणारी आणि त्यातले बरेच तास नुसती उभी असलेली. वय बघू नका, तास बघा.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा एक ओढट्रॅक्टर दिवसाला १२ लिटर डिझेल पितो. एका लिटरमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते, पण रांगत चालणारं इंजिन तिचा पाचवा भागच चाकाला देतं. म्हणजे चाकापर्यंत २४ युनिट गेली. बॅटरीची गाडी चार्जर आणि मोटरमधली गळती धरूनही तेवढ्याच कामाला ३० युनिट घेईल. डिझेल ९२ रुपये आणि वीज ८ रुपये धरली तर ११०४ रुपयांच्या जागी २४० रुपये. तुमचे दर घालून स्वतः करून बघा. हलणं कमी आणि उभं राहणं जास्त असेल तर फरक आणखी वाढेल, कारण उभी विजेची गाडी जवळजवळ काहीच खात नाही.

कर्बवायूचा हिशेब इतका देखणा नाही, तोही सांगायला हवा. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे १२ लिटरमागे ३२ किलो. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो पडतो, म्हणजे ३० युनिटमागे २१ किलो. बचत तिसऱ्या हिश्श्याची. खंडव्याच्या सिंगाजी औष्णिक केंद्रातून वीज येत असेल तर धुराचा काही भाग आपण नुसता तिकडे पाठवला. मात्र माणसाच्या नाकाशी येणारी काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड पुरते गेले, आणि हे साधायला सौर पॅनेलची वाट बघावी लागत नाही. तेव्हा हवा सुधारण्यासाठी गाडी बदलताय की कर्बवायूसाठी, हे स्वतःशी ठरवा. हवेसाठी असेल तर आज बदला. कर्बवायूसाठी असेल तर छतावर पॅनेलही घाला. देवासजवळच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या बघत नुसतं समाधान मानू नका.

यानंतर विजेचं कनेक्शन. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. दहा ट्रॅक्टरांना दिवसाला मिळून ३०० युनिट लागतात. ती आठ तासांत शांतपणे भरली तर ४० किलोवॉटच्या आत भागतं. पण शिफ्ट संपल्यावर दहाही ड्रायव्हरांनी २०-२० किलोवॉटचे चार्जर एकदम लावले तर मागणी २०० किलोवॉटवर उडी मारते. औद्योगिक बिलात युनिटांबरोबर कमाल मागणीचाही आकार असतो आणि करारापेक्षा जास्त खेचलं की दंडाचा दर लागतो. डिझेलमध्ये वाचवलेला पैसा असा बिलात परत जातो. उपाय स्वस्त आहे: चार्जर घेतानाच भार वाटून देणारी यंत्रणा त्यात मागा, किंवा निदान कोणती गाडी कधी लावायची याचा तक्ता भिंतीवर टांगा. दुसरं असं की केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार १० किलोवॉटहून जास्त मागणीच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लागू करायचे आहेत: सूर्यप्रकाशाच्या तासांत किमान वीस टक्के स्वस्त, गर्दीच्या तासांत महाग. कोणते तास कोणत्या दराचे हे राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, ते आपल्या बिलावर वाचा. विमानतळावर दुपारी उड्डाणं विरळ असतात आणि गिरणीत जेवणाची सुट्टी असते. तेवढ्यात गाडी लावली की स्वस्त वीज मिळते आणि बॅटरीही लहान चालते.

चार्जर कुठे बसवायचा हेही गाडी घेण्याआधी ठरवायचं. गाडी जिथे आपोआप थांबते तिथे तो हवा. ड्रायव्हरला चारशे मीटर वाकडं जावं लागलं की तो जाणार नाही, मग संध्याकाळी बॅटरी उतरलेली आणि दोष विजेच्या गाडीला. ॲप्रनवर यात आणखी एक पेच असतो: जमीन विमानतळाची, गाड्या हँडलरच्या. प्रत्येकाने आपापला चार्जर आणि आपापला प्लग आणला तर जागा संपते. अमेरिकेत सिॲटल-टकोमा विमानतळाने म्हणूनच चार्जिंगची सोय स्वतः उभारली आणि सगळ्या एअरलाइन्सना सामाईक ठेवली. माझं मत सरळ आहे: चार्जिंग ही पाण्याच्या नळासारखी जागामालकाची जबाबदारी असावी. पार्क चालवणाऱ्यांनीही हेच धरावं. मोटारी आणि बस ज्या सीसीएस-२ प्लगवर चार्ज होतात तो बऱ्याच ओढट्रॅक्टरांना चालत नाही, त्यांना फोर्कलिफ्टसारखा वेगळा डीसी प्लग असतो. निविदेत प्लगचा प्रकार लिहिला नाही तर जो माल येईल त्याच्या मागे पळावं लागेल.

बॅटरी लेड-ॲसिड की लिथियम? विक्रेता लिथियमच सांगेल, आणि दोन-तीन शिफ्ट असतील तर तो बरोबर आहे. लिथियमपैकी एलएफपी जातीची बॅटरी अधूनमधून थोडी थोडी भरता येते, पाणी घालावं लागत नाही, आयुष्य जास्त. पण एकच शिफ्ट असेल आणि रात्री गाडी निवांत उभी राहत असेल तर लेड-ॲसिड अजून टाकाऊ झालेली नाही. ती जड असते, आणि ओढणाऱ्या गाडीला वजन हवंच असतं. वजन नसेल तर चाक घसरतं. लिथियमच्या टगमध्ये म्हणून मुद्दाम लोखंड भरतात. लेड-ॲसिड भरताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा चार्जिंगची जागा हवेशीर हवी आणि तिथे बिडी-सिगारेट कटाक्षाने बंद. कापसाच्या गोदामात तर ती कुठल्याही बॅटरीजवळ बंदच.

माळव्यातला मे महिना हिशेबात धरा. सावलीत बेचाळीस असेल तर सिमेंटच्या ॲप्रनवर किती असेल ते अनवाणी चाललेल्याला विचारा. तापलेली बॅटरी लगेच भरायला लावली की तिचं आयुष्य घटतं. चार्जिंगवर पत्र्याची का होईना सावली हवी, आणि गाडी लावण्याआधी थोडी निवू द्यावी. चार्जरचा ओटा जमिनीपासून उंच ठेवा; पहिल्याच मोठ्या पावसात आवारात गुडघाभर पाणी साचणारी जागा प्रत्येक कारखान्यात एक तरी असतेच. विक्रेत्याकडून थंड देशातल्या चाचणीचा कागद घेऊ नका, उन्हाळ्यात आठवडाभर गाडी चालवायला मागा.

सगळंच विजेवर नेण्याचा हट्टही नको. सामानाचा ट्रॅक्टर, बेल्ट लोडर, जीपीयू, शिडीची गाडी आधी. पुशबॅक टगला ताकद फार लागते पण मिनिटं थोडी, तोही बॅटरीला झेपतो. किंमत मात्र दणदणीत, म्हणून नंतर. बस त्याच्या आगेमागे. अग्निशामक बंब तूर्त डिझेलवरच राहू द्यावेत.

ठेकेदारांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. विजेच्या गाडीचा पैसा सुरुवातीला जातो आणि वर्षानुवर्षं परत येतो. ठेका तीन वर्षांचा आणि गाडीचं आयुष्य दहा वर्षांचं असेल तर कोणीही शहाणा माणूस जुनं डिझेलच रंगवून उभं करेल. तेव्हा निविदा काढणाऱ्याकडे दोन कलमं मागा: ठेक्याची मुदत वाढवा, किंवा ठेका संपल्यावर पुढच्या ठेकेदाराने गाड्या ठरलेल्या किमतीला घ्याव्यात. विमानतळावर गाडी न्यायची तर तिचा ॲप्रन परवाना वेगळा आणि ड्रायव्हरचा वेगळा असतो; गाडी बदलली की कागद पुन्हा करावे लागतात, तो वेळ हाताशी ठेवा. बॅटरीची हमी नुसती वर्षांत घेऊ नका, वर्षांत आणि चार्जच्या फेऱ्यांत अशी दोन्हींत घ्या, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून मिळेल ते आकड्यात लिहून घ्या.

शेवटी चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात. विजेच्या गाडीचा आवाज येत नाही. कानावर भिस्त ठेवून वावरणाऱ्या लोडरला मागून आलेला टग कळत नाही, म्हणून मागे घेताना वाजणारा भोंगा आणि लुकलुकणारा दिवा हवाच. ओढट्रॅक्टरच्या बॅटऱ्या बहुधा ४८ किंवा ८० व्होल्टच्या, बसच्या कित्येक शे व्होल्टच्या. डीसी ६० व्होल्टच्या वर गेलं की गंमत संपते. तिथे उघड्या हाताने आणि घड्याळ-अंगठी घालून काम करायचं नाही. धार-देवासच्या आयटीआयमधून निघणाऱ्या मुलांनी डिझेल पंपाबरोबर इन्सुलेशन तपासणं आणि बॅटरी सुरक्षितपणे वेगळी करणं शिकून घ्यावं. पीथमपूरला वाहनांची कारखानदारी आहे, आणि २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी मार्ग असलेलं नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्रही. या कामाचा मेकॅनिक बाहेरून आणावा लागला तर तो दोष आपलाच.

भैंसोल्यात ज्यांनी जागा घेतली आहे किंवा घेणार आहेत त्यांना एवढंच सांगणं: वीज कंपनीकडे भाराचा अर्ज भराल तेव्हा यंत्रांच्या भाराखाली गाड्यांच्या चार्जिंगची ओळ वेगळी लिहा, आणि जमीन खोदलेली असतानाच धक्क्यापर्यंत रिकामा पाइप टाकून ठेवा. गाडी दोन वर्षांनी घेतलीत तरी चालेल.